चार अंशांखालची माणसं

स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स हा विषय मी कॉलेजात दोन वर्षं शिकलो आणि पुढची पस्तीस वर्षं विम्याचे हप्ते मोजले. तेव्हा त्या शिक्षणाचा मला काडीचा उपयोग झाला नाही, असं आमच्या घरात सर्वानुमते ठरलेलं आहे. पण खरं सांगतो, माणसांची पारख करायला या शास्त्राइतकी उपयोगी जन्मपत्रिकासुद्धा नाही.

टेबलावरचा पाण्याचा पेला कसा समाधी लावून बसल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात आत एकावर चोवीस शून्यांहून जास्त रेणूंची धक्काबुक्की चाललेली असते. १८२७ साली रॉबर्ट ब्राऊनला सूक्ष्मदर्शकाखाली परागांतले बारीक कण पाण्यात थुईथुई नाचताना दिसले. १९०५ साली आइन्स्टाइननं त्या नाचाचा हिशेब लावला. त्यातली मौज अशी, की तो कण उगीचच हलतो आणि ओढायला गेलं तर अडतो, या दोन्हींचं मूळ एकच! म्हणजे एखादी वस्तू ढकलल्यावर कशी वागेल, हे ढकलून बघायलाच नको. ती स्वस्थ असताना कशी चुळबुळते ते बघावं. (स्थळं बघायला जाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. कांदेपोह्यांपुढे मुलगा काय बोलतो याला अर्थ नाही; कोणी बघत नसताना तो पायाचा अंगठा किती हलवतो ते बघा.)

तापवल्यावर एखादा द्रव फुगेल की आकसेल, हेसुद्धा त्याच्या चुळबुळीतच लिहिलेलं असतं. बहुतेक द्रवांत एखादा कोपरा योगायोगानं फुगला, की तिथला पसाराही वाढलेला असतो. आणि ऊब देणं म्हणजे पसारा वाढवणं. म्हणून ऊब मिळाली की ते फुगतात. सरळमार्गी मंडळी!

पाणी मात्र ४ अंश सेल्सिअसच्या खाली तिरपागडं वागतं. शून्यापासून चारपर्यंत तापवा, लिटरमागे दोनतीन थेंबांएवढं चक्क आकसतं. थंड पाण्यातला रेणू चार शेजाऱ्यांचे हात धरून, मध्ये ऐसपैस जागा सोडून उभा राहू पाहतो. इथे कोपरा फुगतो तो शिस्तीमुळे. ऊब दिली की हात सुटतात आणि सगळे त्या मोकळ्या जागेत घुसून दाटीवाटीनं उभे राहतात. थंड मुलखातली तळी वरून गोठतात आणि तळाच्या जड पाण्यात मासे हिवाळा काढतात, ते या तिरपागडेपणाच्या जिवावर.

आमचे दादा चार अंशांखालचे. आई गेल्यावर गावचं घर बंद करून ते आमच्याकडे राहायला आले. मग ताई आली. दादा एकटे पडलेत, हे तिनं डोळ्यांत पाणी आणून जाहीर केलं आणि आठ दिवस त्यांना मायेनं नुसतं शेकून काढलं. चहा हातात, पेपर वाचून दाखवायचा, खुर्ची उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात. दादा दिवसेंदिवस लहान होत गेले. आठव्या दिवशी ते खुर्चीच्या एका कोपऱ्यात मावत होते.

"अरे, दादांना डॉक्टरांना दाखव बाबा," ताई म्हणाली.

मी त्यांची आधीची चुळबुळ पाहिलेली होती. पहाटे पाचला उठून स्वतःच्या हातानं चहा. मग अडकित्ता उजवीकडे, चष्म्याचं घर डावीकडे आणि मधोमध आईचं पानाचं तबक. पान कोणी खात नाही, पण तबक तिथेच. एवढं जागच्या जागी असलं, की दादा आपोआप फुगायचे. १९७२ च्या दुष्काळातली सुकडी, अमेरिकेहून आलेला तो लाल मिलो, सगळं सांगता सांगता खुर्ची पुरायची नाही.

ताईनं ते तबक घासून, चकचकीत करून शोकेसमध्ये ठेवलं होतं. तिची रिक्षा कोपऱ्यावरून वळल्यावर मी ते काढलं आणि टेबलावर मधोमध ठेवलं. बोललो काहीच नाही.

संध्याकाळी दादांनी अडकित्ता उचलून पाहिला, परत ठेवला.

"बस जरा," म्हणाले. "त्या मिलोची भाकरी थापताना मोडायची रे. तुझी आई काय करायची, ठाऊक आहे?"