बऱ्या झालेल्यांची नाडी

वैद्यानें मनगटावर तीन बोटें टेकून रोग्याचें भवितव्य सांगावें, या गोष्टीस इंग्रजी शिकलेलीं माणसें हंसत आलीं आहेत. परंतु नाडीची लाट किती वेगानें धांवते यावरून रोहिणीची लवचीकता काढतां येते, हें १९२२ सालीं ब्रॅमवेल आणि हिल यांनीं गणितानें दाखवून दिलें. आणि आज मानेपासून जांघेपर्यंत त्या लाटेचा वेग सेकंदास १० मीटरांहून अधिक भरला तर डॉक्टर मंडळी सावध होतात.

यांतील मर्म समजण्यास आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील कोणत्याही मळ्यावर जावें. नवी रबरी नळी पाण्याच्या धक्क्यासरशी थोडी फुगते व लगेच आवळते. धक्का ती आपल्या अंगावर घेते आणि पाणी पुढें सारखें वाहतें. तीच नळी दोन उन्हाळे उन्हांत पडून कडक झाली म्हणजे प्रत्येक धक्का जसाच्या तसा पुढें जातो. हृदयांतून निघणारी महारोहिणी ताठरली कीं असेंच होतें. रक्तदाबाचा वरचा आंकडा चढतो, खालचा बहुधा उतरतो, आणि हृदयास तेंच काम अधिक जोर लावून करावें लागतें. वयोमानानें हें सर्वांचेंच व्हावयाचें. पण कर्करोगाच्या कांहीं उपचारांनीं तें वेळेआधीं होऊं शकतें, ही गोष्ट आमच्या वऱ्हाडांत फार थोड्यांस ठाऊक आहे.

ठाऊक होणार तरी कशी? उपचार संपून माणूस घरीं आला कीं शेगांवची वारी होते, सत्यनारायण होतो, आणि पुढें त्या रोगाचें नांवही कोणी काढीत नाहीं. चिखलीच्या आमच्या थोरल्या वहिनी बारा वर्षांपूर्वीं स्तनाच्या कर्करोगांतून बऱ्या झाल्या, तेव्हां आत्याबाईंनीं मुंबईहून आलेली कागदांची फाईल पाणी तापविण्याच्या बंबांत घातली. "गेलेली पीडा घरांत कशाला सांभाळायची?" हा त्यांचा सवाल सर्वांना बिनतोड वाटला.

गेल्या उन्हाळ्यांत वहिनींना माडीचा जिना चढतांना दम लागूं लागला. "वय झालें" हें निदान शेजाऱ्यांनीं फुकट करून दिलें. छत्रपति संभाजीनगरच्या हृदयरोगतज्ज्ञांनीं मात्र विचारलें, औषध कोणतें व एकंदर किती दिलें होतें, आणि किरणांचा शेक कोणत्या बाजूस? डावी बाजू एवढेंच वहिनींना सांगतां आलें. बाकीचें धुरावाटे गेलेलें! अखेर पुतण्या मुंबईस दोन खेपा घालून नक्कल घेऊन आला.

तो प्रश्न उगाच नव्हता. डॉक्सोरुबिसिन हें लाल औषध कर्करोगाच्या पेशी मारतें, तसें हृदयाच्या स्नायूंसही सोडीत नाहीं. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरास ५५० मिलिग्रॅम ही त्याची जन्मभराची मर्यादा पुष्कळ वर्षें सांगितली गेली. पण तिच्या आंतही कांहींचें हृदय दुबळें होतें. किरणांचेंही तसेंच. स्वीडन व डेन्मार्क येथील स्त्रियांचा जो अभ्यास २०१३ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत हृदयास पोंचलेल्या दर एक ग्रे मात्रेमागें हृदयविकाराच्या गंभीर प्रसंगांचा धोका ७.४ टक्क्यांनीं वाढलेला आढळला, आणि तो निदान वीस वर्षें टिकून होता. डाव्या स्तनाखालींच हृदय असल्यामुळें बाजू विचारावी लागते.

यावर कोणी म्हणेल कीं असले उपचार घ्यावेतच कशाला? हा तर्क आम्हांस मुळींच मान्य नाहीं. १९४१ सालीं परळास टाटा रुग्णालय उघडलें, त्या काळीं रोगी जगतो कीं नाहीं हीच चिंता असे. बारा वर्षांनंतर त्याच्या रोहिणींचें काय, हें विचारण्याची पाळी थोड्यांवरच येत असे. ती आतां घरोघरीं येऊं लागली आहे, आणि कागद जपून ठेवणें एवढेंच त्याचें मोल असेल तर तें स्वस्तच म्हणावयाचें. तंबाखू मात्र सुटली पाहिजे. त्या बाबतींत आमच्या जिल्ह्यांतील पुरुष मंडळींशीं बोलणें व्यर्थ आहे.

वहिनींना रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत आणि वर्षांतून एकदां हृदयाची इको तपासणी करावी लागते. संध्याकाळीं त्या नेमानें चालून येतात. आंब्याच्या लोणच्यावरून मात्र त्यांचा आणि सुनेचा वाद अजून मिटलेला नाहीं.