केवढ्याले, कितीनं, कितीवर

अमरावती-अकोल्याकडच्या मुलाला परिमाणाचा प्रश्न शाळेत शिकावा लागत नाही. ‘सांभार केवढ्याले देल्ला?’ (कोथिंबीर केवढ्याला दिली?) हे वाक्य तो बाजारात आईचा पदर धरून उभा असतानाच उचलतो. त्यातील ‘ले’ हे प्रमाण मराठीतल्या ‘ला’ प्रत्ययाचे वऱ्हाडी रूप असून, ते लागताना ‘केवढा’चे ‘केवढ्या’ होते. प्रत्ययापूर्वी शब्दात होणाऱ्या अशा बदलाला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात.

हाच मुलगा मोठा होऊन कापसाची गाडी भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदी केंद्रावर नेतो, तेव्हा प्रत्ययाचे मोल पैशात दिसू लागते. हमीभाव आठ टक्के ओलाव्याला धरलेला असतो, त्यावर बारा टक्क्यांपर्यंत भाव कापला जातो आणि त्यापलीकडचा कापूस घेतला जात नाही. म्हणून मीटरवर अकरा आले, तर ‘ओलावा किती?’ याचे उत्तर अकरा आणि ‘कितीनं जास्त?’ याचे उत्तर तीन. ‘भाव कितीनं चढला’ आणि ‘कितीवर गेला’ यांतही वाढ आणि पोहोचलेला आकडा असाच भेद असतो, व तो वऱ्हाडात निरक्षर माणूसही चुकवत नाही.

इंग्रजीच्या तासाला मात्र हेच ज्ञान निकामी असल्यासारखे वागवले जाते. मराठीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये, म्हणजे नामाला मागून जोडले जाणारे संबंधदर्शक शब्द, प्रश्नाच्या शब्दाला सोडत नाहीत. इंग्रजीत तेच काम करणारा ‘बाय’ एकतर वाक्याच्या आरंभी ‘बाय हाऊ मच’ असा पुढे येतो, जी काहीशी औपचारिक रीत आहे, किंवा प्रश्नशब्दाला पुढे पाठवून स्वतः वाक्याच्या अगदी शेवटी थांबतो, जसे ‘हाऊ मच डिड इट राइज बाय?’ बाजारातल्या ‘केवढ्याले’साठी ‘फॉर’ही बहुधा शेवटीच येतो: ‘हाऊ मच डिड यू सेल इट फॉर?’ मराठीच्या क्रमाने विचार करणारा विद्यार्थी ‘हाऊ मच बाय’ असे एकत्र जुळवतो किंवा घाबरून अव्ययच गाळतो, आणि मग ‘हाऊ मच इज द मॉइश्चर?’ एवढाच प्रश्न उरून त्याला तीनऐवजी अकरा हे उत्तर मिळते. ही चूक अज्ञानाची नाही, जागेची आहे. तिला ‘इंग्रजी कच्चे’ म्हणणे अन्यायाचे आहे. फळ्यावर आधी ‘कितीनं’ लिहून त्यातला ‘नं’ सुटा करावा, तो इंग्रजी वाक्यात कोठे जाऊन बसतो ते दोन्ही जागी दाखवावे, आणि उदाहरण त्याच अकरा टक्क्यांच्या कापसाचे घ्यावे.