दिवसाला तीन केस

“ह्यांना आता रोज तीन केस असतात,” असे मी अहमदाबादेहून साताऱ्याला फोनवर सांगितले, तेव्हा सासूबाई क्षणभर गप्पच झाल्या. मग काळजीच्या सुरात म्हणाल्या, “तीनच? बाकीचे गळले का गं?”

त्यांना तरी काय बोल लावावा? केस म्हणजे डोक्यावरचे नव्हेत आणि कोर्टातलेही नव्हेत, हे मलाच तिथे जाऊन महिना झाल्यावर समजले होते.

नोकरीत दहा-बारा वर्षे मुरलेल्या माणसाने पुन्हा विद्यार्थी व्हायचे म्हणजे घरात लग्नकार्य निघण्यासारखेच असते. फरक इतकाच, की आहेर येत नाहीत. नोकरी केलेल्या लोकांसाठी अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेत 2006 पासून एका वर्षाचा अभ्यासक्रम आहे. 2014 च्या एप्रिलात आमचे हे त्यात दाखल झाले. त्यांनी नोकरी सोडली, बँकेचे कर्ज काढले. मी शाळेतून वर्षाची बिनपगारी रजा घेतली आणि सात वर्षांचा मुलगा, दोन कुकर व अर्धवट लिहिलेली कादंबरी घेऊन त्यांच्यामागून गेले.

संस्थेचे आवार दोन. मधून मोठा रस्ता जातो आणि त्या रस्त्याखालून एक भुयारी वाट. अलीकडे, नव्या आवारात, विवाहित विद्यार्थ्यांची घरे. पलीकडे लुई कान ह्या अमेरिकन वास्तुशिल्प्याने उभारलेल्या लाल विटांच्या भव्य इमारती. कमानी आणि भिंतींतली ती प्रचंड वर्तुळे पाहून मला प्रथम एखाद्या जुन्या गढीचीच आठवण झाली. हे कान 1974 साली भारतातून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनात वारले. पुढे त्यांच्या मुलाने बापाचा शोध घेत एक चित्रपटच काढला. तो 2003 साली आला. बाप फारसा घरी सापडला नव्हता, म्हणून मुलगा त्याने बांधलेल्या इमारतींतून हिंडला! हे कळल्यापासून त्या विटांकडे मी जरा निराळ्या नजरेने पाहू लागले.

कारण आमचाही गृहस्थ सकाळी त्या भुयारात शिरे तो जेवणापुरता बाहेर येई. जेवण झाले की अभ्यासगट. रात्री दोन वाजता दाराची कडी वाजे. माणूस चारशे पावलांवर, पण मुलगा त्यांना रविवारी भेटे.

आम्हा बायकांचे मात्र बरे जमले. संध्याकाळी खालच्या बाकांवर आमची बैठक भरे. एक तामिळ बाई बँकेतली अधिकाऱ्याची जागा सोडून आलेल्या, एक बंगाली डॉक्टरीण, आणि एक गृहस्थही. त्यांची पत्नी शिकत होती. मुलीची वेणी ते इतकी घट्ट घालत की आमच्या कुणाच्याही पोरीची तशी बसत नसे. भाजीची लारी आली की “बेन, बेन” अशी हाक येई आणि सभा बरखास्त होई. गोड डाळीची मला सवय झाली. मुलगा तर दोन महिन्यांत गुजराती भांडू लागला.

पण मी केसची गोष्ट सांगत होते. ही शिकवण्याची रीत हार्वर्डची. 1961 साली संस्था निघाली ती हार्वर्डच्या सहकार्याने, आणि रीतही तिथूनच आली. एखाद्या कंपनीची हकीकत देतात; तिच्यातला साहेब पेचात सापडलेला असतो. कारखाना बंद करावा की चालवावा? भाव उतरवावा की धरून ठेवावा? आकडे, तक्ते सगळे असते, आणि ऐन निर्णयाच्या क्षणी हकीकत थांबते. पुढचे वर्गात वाद घालून ठरवायचे.

मी मॅट्रिक झालेली. ते जाडजूड इंग्रजी मला कुठले पेलायला! जेवताना हे गोष्ट सांगत आणि मी आमटी वाढता वाढता विचारी, “अहो, पुढे काय झाले?”

“पुढे नसते.”

कादंबऱ्या लिहिणारीला ह्याचा किती राग यावा! तरी हळूहळू गोडी लागली. शेवट न सांगणे ही सोपी विद्या नव्हे, आमच्यातल्या पुष्कळांना ती येत नाही. एक गोष्ट मात्र मनाला टोचू लागली. मी ऐकलेल्या त्या शंभरेक हकीकतींत साहेबाला घर म्हणून नसे. त्याची बदली होई, तो भांडवल घाली, राजीनामा खिशात घेऊन हिंडे. पण रात्री घरी जाऊन तो कुणाशी बोलला, ह्याची एक ओळ नाही. मी म्हटले, “ह्यातल्या एकाचेही लग्न झालेले नाही का हो?” हे हसले. “ती माहिती निर्णयाला लागत नाही,” म्हणाले.

फेब्रुवारीत ह्यांच्यापुढे दोन नोकऱ्या आल्या. एक गुडगावची, भरघोस पगाराची. दुसरी पुण्याची, बेताची. तीन दिवस हे वहीत आकडे मांडत होते. चौथ्या रात्री मी ताट वाढले आणि सांगायला सुरुवात केली :

“एक बाई आहे. वय चौतीस. साताऱ्याच्या शाळेत कायम नोकरी. जूनमध्ये हजर झाली नाही तर जागा जाईल. घरी सासू एकटी. डोक्यावर नवऱ्याचे कर्ज. नवऱ्याला गुडगाव खुणावते आहे.” आणि थांबले.

ह्यांचा घास हातातच राहिला. “मग?”

“मग नसते. वर्गात ठरवायचे.”

त्या रात्री अभ्यासगटाला दांडी पडली. वहीत नवे रकाने पडले. माझा पगार, मुलाची शाळा, सासूबाईंचे औषधपाणी एकेक करून आत आले. पहाटे तीनच्या सुमारास ह्यांनी पेन्सिल कानामागे खोचून विचारले, “तुझी कादंबरी कुठल्या सदरात घालू? खर्चात की जमेत?”

“सध्या बाहेरच असू दे,” मी म्हटले.

त्यांनी पुणे घेतले. मी जूनमध्ये शाळेत हजर झाले. कर्जाचा शेवटचा हप्ता 2022 साली गेला. हे शनिवारी रात्री साताऱ्याला येतात आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने परत जातात.