शनिवारची केटी

‘आवाज खरंच वेगळा येतो का रे?’

माझ्याकडे जुना रेकॉर्ड प्लेअर आहे हे कळल्यावर दहातले नऊ जण हाच प्रश्न विचारतात. दहावा विचारतो, ‘केवढ्याला पडला?’

पहिल्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. वेगळा येतो, हो. चांगला येतो का? कागदावर तरी नाही. साध्या सीडीची डायनॅमिक रेंज सुमारे ९६ डेसिबल, चांगल्या एलपीची साधारण ६० ते ७०. शिवाय तबकडीच्या कडेला सुईखालून खाच सेकंदाला अर्धा मीटर वेगाने सरकते, आणि आतल्या टोकाला पोचेपर्यंत तोच वेग २१ सेंटीमीटरच्या आसपास येतो. फेरे तेवढेच, घेर लहान. म्हणजे प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यावर कायमचाच अन्याय. तेव्हा ‘ॲनालॉग वॉर्म्थ’ वगैरे ऐकून कुणी खिशात हात घालत असाल तर थांबा, चांगला हेडफोन घ्या आणि सुखी व्हा. :)

मग हा उद्योग कशासाठी? तेच सांगायचंय.

मी हिंजवडीत ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो त्यात चाळीसेक सर्व्हिसेस आहेत. सगळी सिस्टीम ज्याला कळते असा एकही प्राणी आमच्या मजल्यावर नाही. आर्किटेक्टलाही नाही, तो चौकोन काढतो आणि बाण जोडतो. मला माझे तीन चौकोन कळतात. त्यात काही बिघडलं तर मी लॉग बघतो, रीस्टार्ट मारतो, आणि पुन्हा चालू झालं की का चालू झालं हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही. पगार चांगला आहे, तक्रार अजिबात नाही. पण शुक्रवारी रात्री बसमध्ये बसल्यावर ‘आज मी नक्की काय केलं?’ या प्रश्नाला आईला समजेल असं उत्तर नसतं.

अशात सांगलीहून आत्याचा फोन आला. “माळा रिकामा करतेय. भंगारवाला रविवारी येणार आहे. आजोबांचा रेकॉर्ड प्लेअर आहे, तुला हवा तर घेऊन जा, नाहीतर जाईल किलोवर.” शनिवारी पहाटेची एसटी पकडली. माळ्यावर लाकडी पेटीतला प्लेअर, कंपनीच्या नावाची पट्टी केव्हाच पडून गेलेली, आणि पत्र्याच्या ट्रंकेत तीसेक रेकॉर्ड्स. बऱ्याचशा ७८च्या, नाट्यसंगीताच्या. थोड्या एलपी. प्लेअरवर वेग बदलायचा एक खटका, त्यावर चार आकडे: १६, ३३, ४५, ७८.

पुण्यात पेठेत एक रेडिओ मेकॅनिक काका आहेत, वय पंच्याहत्तरच्या पुढे. त्यांच्याकडे पेटी नेली. त्यांनी झाकण उघडलं, बोटाने तबकडी फिरवून पाहिली, आणि हात पुढे करून दाखवला. बोटं कापत होती.

“मी सोल्डरिंग सोडलंय रे आता. तू इंजिनिअर ना? मग तू कर. मी शेजारी बसतो.”

अशी सुरुवात झाली. सहा शनिवार चाललं.

नियम क्रमांक एक: जुनी वस्तू थेट प्लगला लावायची नाही. आधी सीरिज लॅम्प. शंभर वॉटचा साधा पिवळा बल्ब प्लेअरच्या सीरिजमध्ये जोडायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, प्लेअर जळत नाही. आमचा बल्ब मंद पेटला. काका म्हणाले, “मोटर जिवंत आहे.” त्या वाक्याचा आनंद मला अजून कुठल्याच हिरव्या बिल्डने दिलेला नाही.

मग तबकडी उचलली आणि खाली जे दिसलं त्यावर मी फिदा झालो. मोटरच्या दांड्यावर पायऱ्या-पायऱ्यांची पितळी पुली, चार वेगांना चार पायऱ्या. पुली आणि तबकडीची आतली कड यांच्यामध्ये रबरी काठाचं एक चाक दाबून बसवलेलं, त्याला आयडलर म्हणतात. खटका फिरवला की हे चाक वर-खाली होऊन दुसऱ्या पायरीला टेकतं. बस्स, एवढाच गिअरबॉक्स. आणि गंमत म्हणजे त्या मधल्या चाकाचा व्यास कितीही असला तरी तबकडीच्या वेगाला काही फरक पडत नाही, पुलीच्या पायरीचा आणि कडेचा व्यास तेवढा मोजायचा. कागदावर दोन ओळीत सिद्ध होतं. मी तिथेच बिलाच्या मागे सिद्ध केलं, तर काका हसले. “आम्हाला हे वायसरने माहीत होतं. चाक झिजलं तर घसरतं, वेग बदलत नाही.”

पुढचं काम म्हणजे शुद्ध हमाली. बेअरिंगमधलं ग्रीस चिक्कीसारखं कडक झालेलं. ते रॉकेलने सोडवायचं, पुसायचं, आणि मोटरच्या बुशना शिलाई मशीनचं तेल, तेही थेंबाने. आयडलरचं रबर काचेसारखं गुळगुळीत होऊन तडकलेलं. छापखान्याच्या रोलरवर रबर चढवणारा एक माणूस काकांच्या ओळखीचा होता, त्याने नवं रबर चढवून घासून दिलं. कार्ट्रिज तर मेलेलंच. त्या काळातल्या स्वस्त कार्ट्रिजमध्ये रोशेल सॉल्टचा स्फटिक असायचा. दाबला की वीज देतो, पण दमट हवेत विरघळत जातो. इतके पावसाळे काढल्यावर तो काय टिकणार? त्या जागी सिरॅमिक बसवलं. दोन सुया असलेलं, उलटवता येणारं: एलपीसाठी बारीक, ७८साठी जाड. ७८ची खाच बरीच रुंद असते, एलपीची सुई त्यात नुसती तळाशी लोळते. सुईचा भार तोलायला सोनाराचा छोटा डिजिटल काटा आणला. मूळ आवाजाच्या दृष्टीने नव्हे, रेकॉर्ड खरवडली जाऊ नये म्हणून.

रेकॉर्ड धुण्याचीही एक तऱ्हा आहे. विनाइलला पाण्यात थोडं अल्कोहोल चालतं. ७८ला अजिबात नाही! कारण ती शेलॅकची, म्हणजे आपल्या लाखेची, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सुताराचं फ्रेंच पॉलिश बनतं तेच हे. साध्या पाण्याने, लेबल वाचवत, मऊ फडक्याने पुसायची.

सहाव्या शनिवारी वेग तपासला. कागदाच्या चकतीवर १८० काळ्या पट्ट्या छापून घेतल्या आणि वर निऑनचा दिवा धरला. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे निऑन सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. तबकडी मिनिटाला बरोबर ३३ १/३ फेरे घेत असेल तर प्रत्येक लुकलुकीत पट्टी नेमकी एक घर पुढे जाते आणि डोळ्याला सगळ्या पट्ट्या थांबलेल्या दिसतात. (घरातल्या चांगल्या एलईडीखाली हे जमत नाही, ती अशी लुकलुकतच नाही.) पट्ट्या आधी हळूहळू मागे सरकत होत्या. मोटर गरम झाली आणि थांबल्या. फिरणाऱ्या वस्तूवर थांबलेल्या रेषा! २०१३च्या अखेरीस दक्षिणेची ग्रिड जोडली गेली तेव्हापासून सगळा देश एकाच फ्रीक्वेन्सीवर चालतो. म्हणजे कोयनेची जनित्रं ज्या तालावर फिरतात त्याच तालाला धरून माझी पेटी फिरत होती. ॲप नाही, अकाउंट नाही, अपडेट नाही.

दिवाळीत पेटी आणि ट्रंक गाडीत घालून सांगलीला नेली. हिराबाई बडोदेकरांचं एक नाट्यपद लावलं. १० इंची ७८, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, तेवढ्यात गायकाने सगळं मांडायचं. खरखर होतीच. आत्या खुर्चीत डोळे मिटून बसलेली. मध्येच म्हणाली, “आता उडेल.” आणि सुई उडाली! दोन शब्द गाळून पुढे गेली. आत्याने ते दोन शब्द सुरात म्हणून टाकले आणि पुन्हा गप्प. लहानपणी भावाबहिणींच्या भांडणात त्या रेकॉर्डवर ओरखडा पडलेला, तेव्हापासून घरात सगळेच ती जागा तोंडाने भरून काढायचे म्हणे. हेच पद नेटवर शोधलं तर कदाचित स्वच्छ मिळेल. पण ते सगळ्यांचं असेल. ही जागा चुकणारी प्रत आमची.

आणि ती किलोवर चालली होती.

तर सांगायचा मुद्दा असा. कॉलेजात केटी म्हटलं की पोटात गोळा यायचा. कंपनीत केटी म्हणजे नॉलेज ट्रान्स्फर: नोकरी सोडणारा माणूस दोन तास स्लाइड्स दाखवतो, आपण ‘ओके, ओके’ म्हणतो, आणि तो गेल्यावर कळतं की महत्त्वाचं काहीच सांगितलं नव्हतं. काकांनी मला सहा शनिवार दिले, एकही स्लाइड न दाखवता. त्यांच्या इमारतीचं रीडेव्हलपमेंट ठरलंय. दुकान पुन्हा थाटणार नाही म्हणतात. मुलगा बँकेत आहे. रबर किती दाबलं की बरोबर, तेल किती थेंब, मोटरचा कुठला आवाज चांगला आणि कुठला वाईट, हे सगळं त्यांच्या कानात आणि बोटांत आहे. आणि बोटं कापतायत.

खटक्यावरचा ‘१६’ कशासाठी, हे मी त्यांना विचारलं होतं. “बोलण्याच्या रेकॉर्ड असायच्या म्हणे, वाचून दाखवलेली पुस्तकं. मी उभ्या आयुष्यात एकही पाहिली नाही.” मी मात्र अशा एका रेकॉर्डबद्दल वाचलंय. १९७७ साली नासाने व्हॉयेजर १ आणि २ पाठवली, त्या दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची १२ इंची तबकडी आहे, मिनिटाला १६ २/३ फेऱ्यांची. तिच्यावर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ती ज्यांना सापडेल त्यांना वाजवता यावी म्हणून सोबत कार्ट्रिज आणि सुई दिलीय, आणि वेष्टनावर आकृत्या कोरल्यात: सुई कुठे टेकवायची, एक फेरा किती वेळात व्हायला हवा, सगळं. काकांना सांगितलं तर म्हणाले, “चला, त्यांना तरी कळेल.”

परग्रहावरच्या मंडळींसाठी मॅन्युअल धाडलं गेलं आणि सांगलीच्या माळ्यावर एक चिटोरंही नव्हतं.

म्हणून आता मी वही घातलीय. शनिवारी काकांकडे जातो, ते बोलतात, मी लिहितो. आकृत्या वाकड्यातिकड्या आहेत, पण आहेत. सध्या एका ओळखीच्यांचा चेंजर खोललाय, त्यात इतक्या तरफा आहेत की निदान महिनाभर जाईल.

तुमच्या माळ्यावर अशी पेटी असेल तर दोनच विनंत्या. भंगारवाल्याला बोलावण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला तिच्याबद्दल विचारा. आणि काहीही झालं तरी थेट प्लग लावू नका. आधी शंभरचा बल्ब!