आमच्या पातेल्यातलं पनीर

मुलांनो, खरं सांगा, आज काय खाऊन शाळेत गेलात?

आमच्या घरी याचं उत्तर बरेच दिवस 'काही नाही' असंच होतं. शाळा सकाळी सातची. त्यात नागपूरचा डिसेंबर, पांघरूण काही सुटत नाही. दुधाचा पेला ओठाला लागतो न लागतो तोच दारात ऑटोवाल्या काकांचा हॉर्न! मी रोज ओरडायची, एवढंच. मग एके दिवशी प्रार्थनेच्या वेळी मुलीला चक्कर आली आणि मला ऑफिसात फोन आला. "पोटात काही नव्हतं, बाकी ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. ठीक कसलं? त्या रात्री मला झोप लागली नाही.

रविवारी ठरलं, नाश्ता मुलांनीच करायचा. तर्री-पोहे सगळ्यांच्या आवडीचे. पण पहाटे तर्री करणार कोण? म्हणून ओट्स आणले. धाकट्यानं मोठ्या उत्साहानं ते गरम दुधात शिजवले, वरून संत्र्याच्या फोडी टाकल्या, आणि बघता बघता दूध नासलं! स्वारी रडायच्या बेतात.

"अरे, तू तर पनीर केलंस!" ताई म्हणाली.

बरोबरच होतं तिचं. आंबट रसानं दुधातलं प्रथिन गोळा होतं. दूध गरम असेल तर फारच लवकर. लिंबू पिळून पनीर करतात, तेच हे.

मग आम्ही दह्याकडे वळलो. ते आधीच विरजलेलं, त्याला संत्र्याची कसली भीती! रात्री वाटीत चार मोठे चमचे ओट्स, अर्धी वाटी दही, थोडं पाणी घालून फ्रिजमध्ये ठेवायचं. सकाळी ओट्स मऊ झालेले असतात; गॅस पेटवायला नको. बिया काढलेल्या फोडी, केळं, दाण्याचा कूट, चिमूटभर गूळ घाला की झालं. संत्र्यातल्या क जीवनसत्त्वामुळे धान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते, बरं का! अंबिया बहाराची संत्री डिसेंबरपर्यंत मिळतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. एरवी पपई आहेच.

आजीनं एक चमचा चाखला. "अवं, ह्या तं आपल्या कण्याच झाल्या!"

कण्या म्हणजे जाडसर भरडलेली ज्वारी, शिजवून ताक घालून खायची. लहानपणी आजी त्याच खाऊन शेतात जायची. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष भरडधान्यांचं म्हणून पाळलं, त्यात ज्वारीही होतीच. आजीला याचं काडीचं कौतुक नाही. "आता कळलं काय त्यायले?" म्हणते. आता आठवड्यातून दोनदा कण्या असतात. पाकिटातल्या ओट्सपेक्षा स्वस्तही पडतात!

परवा मलाच उशीर झाला. पर्स उचलून निघाले, तर दारात मुलगी वाटी घेऊन उभी.

"आई, तू काय खाऊन चाललीस?"

चपला घातलेल्याच होत्या. तशीच उभ्या उभ्या खाल्लं.