मिठाचा चहा

आमच्या सौंदडला नागपूर-रायपूर हमरस्ता आणि गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारा लोहमार्ग यांची गाठ पडते. गाव सोडायला चारी दिशा मोकळ्या. बहुतेकांनी त्या वापरल्या. मीही त्यांतलाच. गेल्या हिवाळ्यात वडिलोपार्जित घराचा इसार घ्यायला गेलो. व्यवहार दुपारपर्यंत उरकला आणि मग त्या रिकाम्या ओसरीवर बसवेना. अशा वेळी माणसे देवळात जातात. मी अर्जुनी गाठली आणि तिथून गोठणगावजवळच्या तिबेटी वसाहतीत थुक्पा खायला गेलो.

नोर्ग्येलिंग हे तिचे नाव. 1972 साली ती वसली तेव्हा हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा व्हायला 1999 साल उजाडावे लागले. 1959 नंतर हिमालय ओलांडून आलेली ही माणसे. त्यांतल्या कित्येकांनी आधी डोंगरातल्या रस्त्यांवर खडी फोडली होती. बर्फातल्या माणसांना आमचा वैशाख कसा सोसला असेल, कोण जाणे!

वसाहत नवी होती तेव्हा वडील मला एकदा तिथे घेऊन गेले होते. परक्याच्या हातचे खायचे नाही, हा त्यांचा नेम. पण चहाला नाही कसे म्हणावे? आला तो मीठ आणि लोणी घालून घुसळलेला. वडिलांनी डोळे मिटून पेला रिकामा केला, तर यजमानाने तत्परतेने पुन्हा भरला. असे तीन पेले झाले! पाहुण्याचा पेला रिकामा दिसू द्यायचा नाही, ही त्यांची रीत. आणि दिलेले टाकायचे नाही, ही आमची. दोन सभ्यता अशा समोरासमोर ठाकल्यावर बिचाऱ्या पोटाचे कोण ऐकतो? घरी आल्यावर आईला वाटले, यांना ऊन लागले.

मी गेलो तेव्हा वसाहत अर्धी ओस होती. थंडी पडली की धडधाकट माणसे स्वेटर विकायला शहरोशहरी जातात. मागे राहतात म्हातारी माणसे. खाणावळ चालवणारी मावशीही सत्तरीपुढची. दोन टेबले, वर टिनाचे छप्पर, भिंतीवर दलाई लामांची तसबीर आणि शेजारी भातगिरणीचे कॅलेंडर. कणकेची लांब पट्टी मनगटावर टाकून तिचे तुकडे ती चिमटीने तोडत होती आणि उकळत्या रश्शात भिरकावत होती. एकही तुकडा बाहेर पडला नाही. मोमोंबरोबरची चटणी मात्र चक्क आपल्या भिवापुरी मिरचीची. त्यांचा त्साम्पा म्हणजे भाजलेल्या सातूचे पीठ. ते इथे दुरून आणावे लागते. शेतात पिकतो तो धानच.

तिची मराठी शेतावरच्या बायांकडून उचललेली, अस्सल आमच्याकडची.

"सौंदडले घरी कोन रायते, भाऊ?"

"कोणी नाही, मावशी. विकलं."

तिचा हात थांबला नाही. दोनतीन तुकडे रश्शात पडले. मग म्हणाली,

"आमच्या बापाले तं विकालेबी नाही भेटलं."

तक्रारीचा सूर नव्हता. धानाचा भाव सांगावा तसे सांगितले. खिशातली इसारपावती मला एकाएकी जड वाटू लागली. घर विकण्यात मी काही गैर केले नव्हते. हे मी स्वतःला तिथे दोनदा तरी सांगितले असेल.

थुक्पा संपला. मी चहा मागितला, मिठाचा. तिने चमकून पाहिले. बाहेरचे कोणी तो मागत नसावे. एक घोट घेतला, तोच तिने पेला पुन्हा काठोकाठ भरला. वडिलांना जे माहीत नव्हते ते एव्हाना मला ठाऊक झाले होते : भरलेला पेला तसाच राहू द्यायचा, आणि उठताना प्यायचा.

गाडीची वेळ होत आली होती. पेला समोर ठेवून मी बसून राहिलो.