एक घोट पाणी

बालमित्रांनो, तुमच्या बाईंनी किंवा सरांनी कधी तुमची माफी मागितली आहे का? मी मागितली आहे, चौथीतल्या एका मुलीची. तिचं नाव सांगत नाही, तिला ते आवडायचं नाही.

२०२४ चा मार्च महिना. नागपूरचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे, मार्चपासूनच चटके देऊ लागतं. मधल्या सुट्टीत सगळी मुलं खिचडीला बसली आणि ही एकटी व्हरांड्यात भिंतीला टेकलेली. ओठ सुकलेले. "काय गं, जेवत काऊन नाही?" असं विचारलं तर नुसती मान हलवली. मला वाटलं, हिला चक्कर येतेय. मी पाण्याचा ग्लास आणला. "नको मॅडम, नको," म्हणत राहिली, तेव्हा मी आवाज चढवला. तिनं एक घोट घेतला आणि हमसून हमसून रडू लागली. मैत्रीण म्हणाली, "मॅडम, तिचा आज पहिला रोजा होता." त्यावर मी काय म्हणावं? "अगं, उपासाला पाणी चालतं की!"

आमच्या प्रतापनगरच्या घरी उपास म्हणजे साबुदाण्याची उसळ, शेंगदाण्याचे लाडू आणि वर दोनदा चहा. रोजात पहाट फुटल्यापासून सूर्य मावळेपर्यंत अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. इस्लामची पाच कर्तव्यं मला शाळेपासून तोंडपाठ होती हो! कलमा, नमाज, रोजा, जकात, हज. पण पाठ असणं निराळं आणि माहीत असणं निराळं, हे मला त्या ग्लासानं दाखवलं.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. ती दादीच्या मागं लपली. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. दादी हसल्या. म्हणाल्या, "बेटी, पानीच तो पिलाया ना!" मग त्यांनी समजावलं, की लहान मुलांवर रोजाची सक्ती नसतेच. आजारी माणूस, प्रवासी यांनाही सूट असते. त्यांनी सुटलेले रोजे पुढं भरून काढायचे. कोणी विसरून पाणी प्यायलं तर रोजा मोडतही नाही. पण ती विसरून कुठं प्यायली होती? माझ्या धाकानं प्यायली होती. ते मला अजून टोचतं.

"अब खाके जाना," असं म्हणून त्यांनी मला बसवून घेतलं. साडेसहाच्या सुमाराला अजान झाली. खजूर, टरबुजाच्या फोडी, भजी. पहिला खजूर दादींनी नातीच्या हातावर ठेवला. मग घरातले वुजू करून आले. वुजू म्हणजे हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत बाह्या धुवायच्या, ओला हात डोक्यावरून फिरवायचा आणि पाय धुवायचे. ही मगरिबची नमाज. दिवसात अशा पाच: पहाटे फजर, सूर्य माथ्यावरून कलला की जुहर, उन्हं उतरताना असर, मावळताच मगरिब आणि रात्री इशा. घड्याळ नसलं तरी आकाश बघून वेळ कळते.

नमाजेला आपल्याकडे पश्चिमेला तोंड करतात, म्हणून काही मुलांना वाटतं की पश्चिम दिशाच पवित्र. तसं नाही. मक्केतला काबा आपल्या पश्चिमेला आहे म्हणून. लंडनमधला माणूस आग्नेयेकडे तोंड करतो. नकाशा काढून बघा.

कलमा म्हणजे श्रद्धेचं वचन: अल्ला एकच आणि महंमद त्याचे पैगंबर. अल्लाची मूर्ती नाही, चित्र नाही. इब्राहिम, मूसा आणि ईसा म्हणजे येशू, यांनाही मुसलमान पैगंबर मानतात. महंमद पैगंबरांना इ. स. ६१० च्या सुमारास हिरा नावाच्या गुहेत पहिला संदेश मिळाला, अशी श्रद्धा आहे. त्यातला पहिला शब्द 'इक्रा', म्हणजे 'वाच'. मास्तरणीला हा शब्द आवडणारच! कुराणात ११४ अध्याय आहेत.

जकात म्हणजे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त बचत वर्षभर राहिली, तर तिच्यातले शंभराला अडीच रुपये गरजूंना द्यायचे. आणि ऐपत व ताकद असेल त्यानं आयुष्यात एकदा हजला जायचं. आपल्या ताजबागला सगळ्या धर्मांचे लोक जातात, तुम्हीही गेला असाल. ताजुद्दीन बाबांचा (१८६१–१९२५) तो दर्गा. पण दर्ग्याला जाणं या पाचांत येत नाही आणि काही मुसलमान जातही नाहीत.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे का सरकतो, हे कोडं मात्र मी वर्गात फळ्यावर सोडवलं. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं. मराठी पंचांगात अधिक महिना घालून मेळ बसवतात, म्हणून दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडत नाही. हिजरी वर्षात अधिक महिना नाही. २०१८ चे रोजे मे महिन्यात सुरू झाले होते. नागपूरचा मे, आणि पाणी नाही! २०३० सालात तर रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात.

पुढच्या सोमवारी ती मुलगी टेबलाशी आली. हळूच म्हणाली, "मॅडम, काल पूर्ण झाला. पाणी पण नाही." आणि मुठीतले दोन खजूर माझ्या हजेरीपटावर ठेवून पळाली. त्या दिवशी तिनं खिचडी दोनदा घेतली.